आम्हाला शिकवलं तर उपकार, त्यांना शिकवलं तर ट्रेनिंग

प्रवेशाच्या यादीत नाव लागलं की आपल्या घरांत पेढे वाटले जातात. वाटायलाच हवेत. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलंय, त्या घराला एक गोष्ट कुणी सांगत नाही. यादीत नाव लागणं म्हणजे फक्त फाटकातून आत जाणं. आपण आत टिकणार की नाही, याचा निकाल लागतो पहिल्या सेमिस्टरला. ‘इंट्रोडक्शन टू इकॉनॉमिक्स’, ‘फंडामेंटल्स ऑफ अकाउंटिंग’, ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’ असल्या साध्यासुध्या नावांच्या पेपरांत लागतो. आरक्षणाला कोर्टात आव्हान देणारे आपल्याला दिसतात आणि त्यांच्याशी आपण लढतोही. या पेपरांमध्ये मात्र जात गुपचूप आपलं काम करते आणि आपण त्याला ‘पोरगं अभ्यासात कच्चं होतं’ असं नाव देऊन मोकळे होतो. माझं म्हणणं असं की, पहिल्या वर्षाचा हा पायाभूत अभ्यासक्रम आज जातिअंताच्या लढाईचा मुद्दा आहे, आणि आपण तो प्राचार्यांच्या मर्जीवर सोडून दिलाय.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला, घरातला पहिला पदवीधर. नोकरीमुळे काही वर्षांपासून म्हैसूरला, बोगादीत राहतो. एकेकाळचं हे खेडं आता शहराच्या पश्चिम कडेला लेआउटांनी भरून गेलंय. शहरातून बोगादी रोडने येताना मानसगंगोत्री लागते, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाचा परिसर. त्याच पट्ट्यात केंद्र सरकारच्या दोन मोठ्या संस्था आहेत. एक अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, दुसरी एनसीईआरटीची शिक्षक घडवणारी प्रादेशिक शिक्षण संस्था. पुढे बोगादीत अमृता विश्व विद्यापीठम् या खासगी अभिमत विद्यापीठाचा छोटा कॅम्पस आहे. बीसीए, बीकॉम अशा पदव्या तिथं शिकवल्या जातात. रस्ता एक, कायदे दोन. सरकारी संस्थांमध्ये एससी, एसटी, ओबीसींना प्रवेशात आरक्षण देणं बंधनकारक आहे. खासगी विनाअनुदानित अभिमत विद्यापीठांना तसं बांधून घेणारा केंद्रीय कायदाच नाही.

माझं भांडण या एका कॅम्पसशी नाही. असे शेकडो कॅम्पस देशभरातल्या शहरांच्या कडेला उभे राहिलेत, आणि ते सगळे कायद्याने दिलेल्या मोकळिकीतच चालतात. भांडण त्या मोकळिकीशी आहे. ९३व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आलं. अल्पसंख्याक संस्था सोडून खासगी संस्थांमध्येही, अनुदान असो वा नसो, आरक्षण देणारा कायदा करण्याची मुभा त्याने सरकारला दिली. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. म्हणजे घटनेची आडकाठी नाही, न्यायालयाचीही नाही. तरी संसदेने २००६ मध्ये जो कायदा केला तो केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरता. काही राज्यांनी आपापले कायदे केले, पण त्यांचीही कक्षा मर्यादित. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने खासगी उच्च शिक्षणसंस्थांत एससींना १५, एसटींना ७.५ आणि ओबीसींना २७ टक्के आरक्षण देणारा कायदा करावा, अशी शिफारस केली. घटनादुरुस्तीनंतर जवळपास वीस वर्षांनी आपण अजून शिफारशीवरच आहोत.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात शेतकऱ्यांच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे त्यांनी सांगितलं. हा भाग आपण नेहमी सांगतो. त्याच निवेदनातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. सरकारने शाळा-कॉलेजांमधून अंग काढून घेऊ नये, तसं केलं तर शिक्षणाचा प्रसार थांबेल आणि सर्व जातिधर्मांकडे समान नजरेने बघण्याचं तत्त्वही धोक्यात येईल, असं जोतिरावांनी बजावलं होतं. आज शहराच्या कडेला पोराला जवळ पडणारं कॉलेज सरकारी की खासगी, हे बघा. जोतिराव कशाबद्दल बोलत होते ते लगेच कळेल.

जवळचं कॉलेज ही आपल्यासाठी चैनीची गोष्ट नाही. दूरच्या कॉलेजचा बसपास, खोलीचं भाडं, मेसचे पैसे यातच कितीतरी पोरींचं शिक्षण बारावीला संपतं. त्यामुळे छोट्या, स्थानिक कॅम्पसची गरज सगळ्यात जास्त आपल्यालाच आहे, आणि नेमका तोच फीच्या बोर्डामागे गेलाय. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळायला घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. नवरा-बायको दोघंही रोजंदारीवर जाणारं घर ही रेषा ओलांडून जातं, आणि तरी खासगी कॉलेजची फी भरणं त्याच्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर राहतं.

आता फाटकाच्या आत जाऊ. पायाभूत पेपर म्हणजे सोपा पेपर, असा गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो सगळ्यात अवघड, कारण त्यात न शिकवलेल्या गोष्टींचीच परीक्षा असते. पुस्तकातला उतारा वाचून मुद्दे कसे काढायचे, ग्राफ कसा वाचायचा, लायब्ररीत संदर्भ कसा शोधायचा, सरांना प्रश्न कसा विचारायचा, जर्नल कसं लिहायचं, व्हायवाला काय विचारतात. माझ्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात इंग्रजीतून नोट्स डिक्टेट करायला सुरुवात झाली. क्रेडिट म्हणजे काय, इंटर्नल कशाचे, एटीकेटी लागली तर पुढं काय, हे कुणी सांगितलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे आधीच माहीत होतं. कुणाचा बाप प्राध्यापक, कुणाची मावशी बँकेत, कुणाचा मोठा भाऊ त्याच कॉलेजातून गेलेला. त्यांचा फाउंडेशन कोर्स घरच्या जेवणाच्या ताटावर पाच-दहा वर्षं चालला होता. तो कुठल्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही. त्यालाच पुढे ‘मेरिट’ म्हणतात.

वर इंटर्नलचे गुण. नव्या रचनेत अनेक विद्यापीठांनी ४०-६० अशी विभागणी केलीय. त्यातले ४० गुण वर्गातल्या मास्तरांच्या हातात. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. प्रेझेंटेशनला आणि व्हायवाला मात्र आडनाव समोर उभं असतं, उच्चार समोर असतो, कपडे समोर असतात. चांगले शिक्षक आहेत, मला भेटलेही. पण मुलाचं वर्ष कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये.

याचा परिणाम देशाच्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थांत दिसतो. २०१५ मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाचे ७३ विद्यार्थी कमी ग्रेडमुळे काढून टाकले. त्यातले बहुतेक एससी, एसटी, ओबीसी होते. ओरड झाल्यावर त्यांना दुसरी संधी मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सरकारने आकडे दिले. पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम सोडून गेलेले एससी, एसटी, ओबीसी विद्यार्थी १३,६२६. यावर सरकारचं स्पष्टीकरण असं की, उच्च शिक्षणात मुलांना अनेक पर्याय असतात, ती एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात जातात. पर्याय! गावात कर्ज काढून पाठवलेलं पोरगं बॅग घेऊन परत येतं तेव्हा त्याच्या आईला विचारा, कुठला पर्याय घेऊन आला म्हणून.

आता ज्या शहरात मी राहतो त्या शहरातली दुसरी गोष्ट. म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसचा अवाढव्य ट्रेनिंग कॅम्पस आहे. इंजिनिअरिंगची डिग्री हातात असलेल्या पोरांना तिथं पुन्हा पायापासून शिकवतात. राहायला खोली, खायला जेवण, वर पगार, आणि कित्येक महिने शिकवणं. याला ते फाउंडेशन ट्रेनिंगच म्हणतात. चार वर्षं शिकून आलेल्या पोराला पुन्हा बेसिक शिकवावं लागतं, म्हणून कुणी त्याची लायकी काढत नाही. दर्जा खालावला, असा अग्रलेख येत नाही. उद्योगाला तयार माणूस हवा, मग तयार करणं आलंच, असं सगळे समजूतदारपणे मानतात. तेच काम एखाद्या सरकारी कॉलेजने पहिल्या पिढीतल्या मुलांसाठी करायचं म्हटलं की लगेच शब्द बदलतात. रेमेडियल. कमकुवत विद्यार्थी. स्लो लर्नर. जागा राखीव, वर आणखी शिकवण्याही फुकट? आयआयटीतल्या एक वर्षाच्या प्रिपरेटरी कोर्सला तर एससी-एसटी आणि दिव्यांग मुलांची राखीव यादीच येते, आणि तो शिक्का पुढची चार वर्षं पाठीवर राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच इन्फोसिस कॅम्पसमधून अंतर्गत परीक्षेत नापास झालेल्या तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं. देशभर बातम्या झाल्या. केंद्राच्या कामगार मंत्रालयाने राज्य सरकारला लक्ष घालायला सांगितलं. ओरड झाली हे योग्यच झालं. शिकवायची जबाबदारी घेणाऱ्याने पोराला असं एका दिवसात बाहेर काढू नये. माझा सवाल एवढाच, तीनशे पोरांसाठी मंत्रालय हललं, तर १३,६२६ पोरांसाठी ‘अनेक पर्याय’ कसे काय पुरले?

पहिल्या वर्षाला शिकवतं कोण, हेही बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजचं वेळापत्रक काढा. पहिल्या वर्षाचे बरेच तास सीएचबीवाल्यांच्या नावावर असतील. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या जूनची खात्री नाही. कर्नाटकातल्या सरकारी पदवी कॉलेजांमध्येही हजारो अतिथी प्राध्यापक असाच गाडा ओढतायत. यातले कितीतरी जण नेट-सेट, पीएचडी झालेली आपलीच पोरं आहेत. ज्याला पहिल्या पिढीच्या मुलाची अडचण आतून कळते, त्याच्याच नोकरीचा ठिकाणा नाही. तो एका गावात सकाळी दोन तास घेतो आणि एसटी पकडून दुसऱ्या गावात दुपारी. मुलगा शंका घेऊन आला तर थांबायला त्याला वेळ नाही आणि बसायला खुर्ची नाही. विभागातले ज्येष्ठ पहिल्या वर्षाला शिकवणं कमीपणाचं समजतात. बाकावरही आपणच आणि फळ्यापुढेही आपणच, आणि दोघांच्याही वाट्याला तात्पुरतेपण.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने भर घातली. पहिलं सेमिस्टर दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांनी भरून गेलंय. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. प्राचीन ज्ञानाच्या गौरवाला वेळापत्रकात जागा मिळाली. समोरच्या मुलाला आजचं पाठ्यपुस्तक वाचता येतंय का, या प्रश्नाला मिळाली नाही. आणि एक वर्षाने बाहेर पडायचं असेल तर ‘सर्टिफिकेट’ घेऊन जा, दोन वर्षांनी ‘डिप्लोमा’. पूर्वी मूल मधेच कॉलेज सोडायचं तेव्हा निदान ते गळतीच्या आकड्यात मोजलं जायचं. आता त्याच्या हातात कागद देऊन यशस्वी म्हणून मोजता येईल. सर्टिफिकेट घेऊन बाहेर कोण पडणार आणि चार वर्षं थांबून ऑनर्स कोण होणार, हे कळायला कुठल्या आयोगाची गरज नाही.

तरी एका आयोगाबद्दल सांगायला हवं. कर्नाटकाने ऑगस्ट २०२१ मध्ये हे धोरण देशात सगळ्यात आधी लागू केलं होतं. सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या स्वतंत्र शिक्षणधोरणासाठी आयोग नेमला गेला आणि त्याचं अध्यक्षपद प्रा. सुखदेव थोरात यांच्याकडे आलं. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये कर्नाटकाने चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. थोरात सर विदर्भातल्या खेड्यातून आलेले. त्यांची बीए झाली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. बोगादीत बसून मला याचा अभिमान वाटतो, पण मुद्दा अभिमानाचा नाही. मिलिंदसारखं कॉलेज काय करू शकतं, याचा तो पुरावा आहे.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. तिथं तास सकाळी लवकर भरायचे, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं. आधी विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि मग घंटा ठरवली. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. त्या भागात जवळचं, परवडणारं, वसतिगृहासह कॉलेज. तिथं आलेल्या मुलांच्या घरात पुस्तक नव्हतं. त्यांना ‘कमकुवत विद्यार्थी’ म्हणून बाजूला बसवलं असतं, तर प्राचार्य म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्याभोवती ‘अस्मितादर्श’ची चळवळ उभी राहिलीच नसती. कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’चंही तेच. विद्यार्थी जिथं उभा आहे तिथून त्यांनी सुरुवात केली. पायाभूत शिक्षणाची आपली परंपरा ही आहे, आणि ती उपकाराची नाही.

‘यामुळे दर्जा घसरेल’ हा युक्तिवादही जुनाच. म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये विद्यापीठ काढलं. १९१८ मध्ये ब्राह्मणेतरांच्या मागणीवरून नोकऱ्यांतल्या प्रतिनिधित्वासाठी मिलर समिती नेमली गेली. तेव्हाही कार्यक्षमतेचं काय होणार, हाच सवाल विचारला गेला. दिवाण विश्वेश्वरय्यांना ही दिशा मान्य नव्हती. ते पदावरून गेले आणि नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी प्रतिनिधित्वाचं धोरण राबवलं. म्हैसूर बुडालं नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये निम्म्या जागा राखीव ठेवल्या तेव्हा कोल्हापूरही बुडालं नव्हतं.

राहिला भाषेचा प्रश्न. इथं आपल्यालाही दोन बाजूंनी फसवलं जातं. एक बाजू म्हणते, सगळं मातृभाषेत शिका. हे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत असतात. सावित्रीबाईंनी आपल्या कवितेत इंग्रजी शिका असं सांगितलं, ते उगाच नाही. दुसरी बाजू म्हणते, इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात आलास कशाला. आपल्याला इंग्रजी हवीच आहे. पण तिच्यापर्यंत जायला आपल्या भाषेचा पूल हवा. अवघड संकल्पना आधी मराठीत समजली, मग तीच इंग्रजीत वाचली, तर पोरगं महिन्याभरात पुस्तकाशी बोलायला लागतं. बोगादीपासून जवळच, हुणसूर रोडवर, भारतीय भाषा संस्थान आहे. २००८ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय अनुवाद मिशन तिथूनच चालतं. उच्च शिक्षणातली पुस्तकं मराठीसकट २२ भाषांमध्ये आणणं हे त्याचं काम. नांदेडला शिकताना असं काही काम सरकारी पैशाने चालतं, हे मला माझ्या कॉलेजात कुणी सांगितलं नाही. ते कळायला मला हजार किलोमीटरच्या आसपास लांब यावं लागलं. पुस्तक निघणं वेगळं आणि ते पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात पडणं वेगळं. ती मधली वाट बांधायला कुणी जबाबदार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात.

पहिली, पायाभूत अभ्यासक्रम प्रत्येक विद्यार्थ्याला, जातीच्या यादीवरून नव्हे. वाचन, लेखन, गणित, लायब्ररी, परीक्षा पद्धत, दोन भाषांतून, आणि त्याचे पूर्ण क्रेडिट गुणपत्रिकेवर. कंपनीत जे सगळ्यांना शिकवतात, ते कॉलेजातही सगळ्यांना शिकवा.

दुसरी, हे तास कायमस्वरूपी, अनुभवी प्राध्यापकांनी घ्यायचे. त्यासाठी रिकाम्या जागा भरा, आणि सीएचबीवर राबणाऱ्या पात्र लोकांना त्यात आरक्षणानुसार घ्या.

तिसरी, पहिल्या वर्षाच्या इंटर्नल आणि व्हायवाला एकापेक्षा जास्त परीक्षक, लेखी निकष, आणि दाद मागायची सोय.

चौथी, पहिल्या वर्षानंतर कोण गेलं, कुठं गेलं, याची प्रवर्गनिहाय आकडेवारी प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करावी. सर्टिफिकेट घेऊन गेलेलेही त्यात मोजावेत.

पाचवी, कलम १५(५) खाली खासगी आणि अभिमत विद्यापीठांसाठी केंद्रीय आरक्षण कायदा, आणि त्यासोबत फीची पूर्ण भरपाई. फीशिवायचं आरक्षण म्हणजे कुलूप लावलेल्या दारावरची पाटी.

हे सगळं मिळेपर्यंत आपल्याला एक काम करता येईल. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही पहिल्या सेमिस्टरमधून पार पडलाय. तुमच्या गावातून, वस्तीतून, वसतिगृहातून या जूनमध्ये कोण कॉलेजात जातंय, त्यांची नावं काढा. क्रेडिट म्हणजे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी कुठं अडते, इंटर्नलची तारीख चुकली तर कुणाला भेटायचं, हे त्यांच्यासोबत दोन रविवार बसून सांगा. ज्या घरात हे ताटावर सांगितलं जातं, त्या घरातली मुलं कुणाचे उपकार मानत नाहीत. आपल्या मुलांनीही मानायची गरज नाही. आणि ज्या दिवशी बसाल त्याच दिवशी सोबत विद्यार्थ्यांच्या सह्यांचं निवेदन प्राचार्यांना द्या. वरच्या पाच मागण्या त्यात लिहा, पोच घ्या.

जय भीम.